खालच्या गटाचे पुरस्कार: पहिल्या शीटपासून मेच्या वळवापर्यंत

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावं शाळकरी पोरंही सांगतात. शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात सामनावीराचं नाव येतं, लढवय्या खेळाडूचा फोटो येतो. खालच्या गटांचे सामनेही याच शहरात होतात, पण हंगाम संपल्यावर कुणी काय केलं याची नोंद फारशी कुठे उरत नाही. गेल्या हंगामात अशाच एका गटातल्या १२ संघांसाठी खेळाडू, संघ आणि समर्थक अशा तिघांचे वार्षिक पुरस्कार करायचे ठरले. पाच जणांची समिती, डिसेंबर ते मे असं सहा महिन्यांचं काम. आपल्या गावात, आपल्या लीगमध्ये असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते क्रमाने इथे मांडलं आहे.

कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खालच्या तीन डिव्हिजनमधले ७२ क्लब इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये (ईएफएल) खेळतात आणि त्यांचे स्वतंत्र वार्षिक पुरस्कार २००६ पासून दिले जातात. त्यात खेळाडूंबरोबर क्लबच्या सामाजिक कामाचा आणि समर्थकाचाही सन्मान होतो. आमच्याकडे अडचण वेगळी होती. इथले संघ पेठेच्या तालमीतून आणि तरुण मंडळांतून उभे राहिले, त्यामुळे ईर्षा पेठेची असते. पुरस्कार मिळालेल्या संघाला तो योग्य वाटणारच. समोरच्या पेठेने तो मान्य केला, तरच त्याला किंमत. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघाले.

डिसेंबरचा पहिला आठवडा. लीग सुरू व्हायच्या आधी १२ संघांच्या व्यवस्थापकांची बैठक घेतली आणि दोन पानी नियम वाचून दाखवले. हे काम हंगामाच्या शेवटी करता येत नाही. एप्रिलमध्ये निकष ठरवले, तर ते कुणासाठी तरी बेतलेले आहेत असंच लोक म्हणणार, आणि त्यांना खोटं ठरवायला आपल्या हातात काहीच नसणार. एकूण १३ पुरस्कार ठरले: गोलकीपर, बचावपटू, हाफ (मधल्या फळीतला), फॉरवर्ड, सर्वाधिक गोल, १९ वर्षांखालचा उदयोन्मुख, लढवय्या खेळाडू, प्रशिक्षक, मैदानावरची सेवा, समर्थकांसाठी दोन, आणि संघांसाठी शिस्तबद्ध संघ व उत्कृष्ट व्यवस्थापन. ‘हंगामातला सर्वोत्तम गोल’ मुद्दाम ठेवला नाही. खालच्या गटात सगळ्या सामन्यांचं शूटिंग होत नाही. ज्याच्या मित्राने मोबाईल धरला होता, त्याचाच गोल स्पर्धेत येतो, बाकीच्यांचा नाही.

पैशांचा विषयही त्याच बैठकीत संपवला. प्रत्येक संघाने १,५०० रुपये द्यायचे, म्हणजे १८,००० रुपये. उरलेली रक्कम देणगीतून. अशी हंगामी समिती स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करू लागली की धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो, शिवाय बँक खातं नसतं. म्हणून एका नोंदणीकृत मंडळाला लेखी विनंती करून सगळे व्यवहार त्यांच्या खात्यातून केले. त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव व्हायला तीन आठवडे गेले. हा वेळ आधीच धरून चाला. ठराव हातात येईपर्यंत एक रुपयाही घेऊ नका.

आता शीटविषयी, कारण सगळं काम त्यावर उभं आहे. १२ संघांची एकेरी साखळी म्हणजे ६६ सामने. प्रत्येक सामन्याचं टीम शीट, त्यावर गोल, कार्ड, बदली खेळाडू आणि रेफरीची सही. जानेवारीच्या शेवटी पहिल्या २० शीट तपासल्या, तर सात शीटमध्ये काही ना काही उणीव होती. सर्वांत जास्त घोळ जर्सीच्या नंबरांचा. शीटवर ९ नंबर एकाच्या नावावर, पण त्या दिवशी ती जर्सी फाटली म्हणून तो १७ नंबर घालून उतरलेला, आणि रेफरीने गोल लिहिला १७ नंबरच्या नावावर. दुसरा घोळ सारख्या नावांचा. एकाच पेठेत एकाच नाव-आडनावाचे दोन खेळाडू, तेही चुलतभाऊ. वडिलांचं नाव लिहिल्याशिवाय त्यांचे गोल वेगळे करता येईनात. ज्यांची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नोंदणी होती, त्यांचा तो क्रमांक शीटवर लिहायला लावला. ज्यांची नव्हती, त्यांच्यासाठी संघाचं अक्षर आणि दोन आकडे असा साधा क्रमांक दिला. तिसरा घोळ स्वयंगोलाचा. तो चेंडू मारणाऱ्या फॉरवर्डच्या खात्यात जमा करायचा मोह संघांना होतो, म्हणून रेफरीने लिहिलं तेच अंतिम, हा नियम लेखी हवा.

यावर उपाय म्हणून फेब्रुवारीपासून सामना संपल्यावर दहा मिनिटांत दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांकडून त्याच शीटवर सही घ्यायला सुरुवात केली. शीटचा फोटो त्याच संध्याकाळी १२ व्यवस्थापकांच्या ग्रुपवर टाकला जाई. आक्षेप ४८ तासांत. पहिल्या महिन्यातल्या उणिवांपैकी दोन शीट शेवटपर्यंत दुरुस्त झाल्या नाहीत. त्या दोन सामन्यांतले वादग्रस्त गोल कुणाच्याच खात्यात धरले नाहीत आणि तसं जाहीर केलं.

मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मैदान न मिळणं यामुळे १६ दिवस एकही सामना झाला नाही. हा रिकामा वेळ मतपत्रिका छापायला आणि आकडे जुळवायला वापरला. असा खंड पडणारच, त्यामुळे सोहळ्याची तारीख लीगचा शेवटचा सामना ठरल्याशिवाय छापू नये.

पात्रतेची अट होती ११ पैकी किमान सात सामने. गोलकीपरच्या बाबतीत ते सात सामने पूर्ण वेळ खेळलेले हवेत. गोलकीपर निवडताना सर्वांत मोठी चूक होते ती फक्त खाल्लेले गोल मोजण्याची. एकाने आठ सामन्यांत चार गोल खाल्ले, सरासरी ०.५०. दुसऱ्याने अकरा सामन्यांत सहा, सरासरी ०.५५. आकड्यांनी पहिला पुढे, पण त्याच्यासमोर गटातली सर्वांत भक्कम बचावफळी होती. तळाच्या संघाचा गोलकीपर दर सामन्याला दहा-बारा फटके अडवतो आणि तरी दोन गोल खातो. म्हणून सरासरीचा उपयोग पहिल्या पाच जणांच्या यादीपुरता ठेवला, आणि त्या यादीत तळाच्या चार संघांतला किमान एक गोलकीपर असलाच पाहिजे अशी सोय केली. पुढचा निर्णय मतांवर.

मतदानाची पद्धत साधी ठेवली: प्रत्येक संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षक, म्हणजे २४ मतपत्रिका. पहिल्या पसंतीला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक गुण. आपल्या संघातल्या खेळाडूला मत देता येणार नाही. इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेच्या मतदानातही सहकाऱ्याला मत देता येत नाही, आणि फिफाच्या वार्षिक पुरस्कारात ५-३-१ हेच गुण वापरले जातात. पण पेठांच्या गावात एवढं पुरत नाही. शेजारचे दोन संघ एकमेकांच्या खेळाडूंना पाच-पाच गुण देऊन मोकळे होतात. त्यामुळे हंगामात सर्वाधिक सामने काढलेल्या सहा रेफरींचं वेगळं मंडळ केलं आणि दोन्हींना निम्मं-निम्मं वजन दिलं.

हिशेब कसा करायचा ते उदाहरणाने सांगतो. एखाद्या खेळाडूला त्याचा संघ सोडून ११ संघांच्या २२ मतपत्रिकांतून जास्तीत जास्त ११० गुण मिळू शकतात. त्याला ५५ मिळाले, म्हणजे निम्मे. म्हणून ५० पैकी २५. रेफरींच्या सहा मतपत्रिकांतून कमाल ३० गुण, त्याला २४ मिळाले, म्हणजे ८० टक्के. म्हणून ५० पैकी ४०. एकूण ६५. इथे एक बारीक खड्डा आहे. आमच्याकडे २४ पैकी २१ मतपत्रिका परत आल्या. ज्याच्या स्वतःच्या संघाच्या दोन्ही मतपत्रिका आल्या होत्या, त्याला मत देऊ शकणाऱ्या उरल्या १९, कमाल ९५ गुण. ज्याच्या संघाच्या दोन्ही आल्याच नव्हत्या, त्याला मत देऊ शकणाऱ्या २१, कमाल १०५. सगळ्यांना ११० ने भागलं तर वेळेवर मतपत्रिका देणाऱ्या संघाच्याच खेळाडूवर अन्याय होतो. प्रत्येकाच्या गुणांना त्याच्या स्वतःच्या कमालीने भागायचं. पहिल्या मोजणीत ही चूक आमच्याकडून झाली होती आणि हाफच्या पुरस्कारात पहिला-दुसरा क्रमांक उलटा लागला होता. दुसऱ्या माणसाने स्वतंत्र मोजणी केली म्हणून ती सापडली. मोजणी दोघांनी वेगवेगळ्या खोलीत करावी.

मतपत्रिका बंद पाकिटात, पाकिटावर फक्त क्रमांक. परत यायला आठ दिवसांची मुदत दिली होती, लागले तेरा.

शिस्तबद्ध संघासाठी फिफाची गुणपद्धत घेतली: पिवळं कार्ड एक गुण, दुसऱ्या पिवळ्यामुळे लाल तीन, थेट लाल चार, पिवळ्यानंतर थेट लाल पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो संघ पुढे. त्यात आम्ही आमची एक भर घातली. समर्थकांमुळे सामना थांबला, मग ते फटाके असोत, दगड असो की रेफरीच्या अंगावर जाणं, तर दर वेळी दहा गुण, आणि नोंद फक्त रेफरीच्या अहवालातली. एका संघाचे कार्डांचे गुण फक्त आठ होते, गटात सर्वांत कमी. पण त्यांच्या लोकांनी एकदा फटाके मैदानात टाकल्याने सामना नऊ मिनिटं थांबला होता. आठाचे अठरा झाले आणि तो संघ चौथ्यावर गेला. खेळाडूंना फार वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. तरी हा नियम बदलू नये. पेठ आणि संघ वेगळे नाहीत असं अभिमानाने सांगायचं असेल, तर हिशेबातही ते वेगळे असू नयेत. वॉकओव्हर देणारा संघ या पुरस्कारातून बाद.

व्यवस्थापनाच्या पुरस्काराला प्रत्येक सामन्यात पाच खुणा: अर्धा तास आधी हजर, शीट पूर्ण भरलेलं, सगळ्या जर्सींवर वाचता येणारे नंबर, बर्फासह प्रथमोपचार पेटी, सामन्यानंतर आपल्या बाजूचा कचरा उचललेला. ११ सामन्यांच्या ५५ खुणा. पहिल्या महिन्यात बर्फाची खूण जवळपास सगळ्यांची कोरी. मार्चपर्यंत १२ पैकी नऊ संघ थर्मास घेऊन येऊ लागले. ईएफएलच्या क्लबांकडे न सांगता कुटुंबं पाठवून, सामना बघायला आलेल्या माणसांची सोय कशी आहे ते तपासण्याची पद्धत आहे. त्यावरून आम्हीही तीन सामन्यांना ओळखीच्या घरातल्या बायका-मुलांना न सांगता पाठवलं. त्यांनी परत येऊन पहिली गोष्ट सांगितली ती सावलीत बसायला जागा नसल्याची, आणि दुसरी मुलींना जाता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे हे कुणालाच सांगता आलं नाही याची. ते गुणांत धरलं नाही, पण सगळ्या संघांना लेखी कळवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साखळी संपली आणि एक प्रश्न उभा राहिला ज्याचा नियम आम्ही लिहिलाच नव्हता. वरच्या दोन संघांचे गुण सारखे, म्हणून निर्णायक सामना झाला आणि तो टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी शूटआउटवर गेला. टायब्रेकरमधले गोल कुणाच्या नावावर धरायचे नसतात, खेळाच्या नियमांनुसार ती सामन्याच्या बाहेरची गोष्ट आहे. पण त्या सामन्याच्या मूळ वेळेत एकाने गोल केला होता, आणि तो धरला असता तर सर्वाधिक गोलांमध्ये बरोबरी होत होती. नियमांत ‘साखळीतील ६६ सामने’ असे शब्द होते, त्यामुळे तो धरला नाही. जादा सामन्याचं काय करायचं ते एका ओळीत आधीच लिहून ठेवा.

समर्थकांचा पुरस्कार सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. त्यासाठी ऑनलाइन मतं नकोत, हे आधीच ठरलं होतं. ज्याच्याकडे जास्त मोबाईल, तो जिंकतो. त्याऐवजी एक पानी अर्ज: ही व्यक्ती सामन्याच्या दिवशी नेमकं काय करते, किती वर्षं, कुणी पाहिलं आहे. आणि एक अट अशी की अर्जावर प्रतिस्पर्धी संघाच्या कुणाची तरी सही हवी. मुदत दहा दिवस, पुढे चार दिवस वाढवली. १९ अर्ज आले. पहिल्या फेरीत बहुतेकांत ‘हाडाचा समर्थक’, ‘पेठेची शान’ असेच शब्द होते, काम एकाही ओळीत नव्हतं. ते अर्ज परत पाठवले आणि सोबत सिल्व्हिया ग्रेको यांचं उदाहरण लिहून दिलं. ब्राझीलमधल्या या आईने आपल्या दृष्टिहीन मुलाला स्टेडियममध्ये शेजारी बसून प्रत्येक सामना बोलून दाखवला, आणि २०१९ मध्ये फिफाचा चाहत्यांसाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला. दुसऱ्या फेरीत अर्जांचा सूरच पालटला. कुणी १४ जर्सी दर सामन्यानंतर धुऊन, वाळवून, नंबरवार घड्या घालून देतं. कुणी रिक्षा बंद ठेवून जखमी खेळाडूला दवाखान्यात नेतं, मग तो कोणत्याही संघाचा असो. या दुसऱ्या अर्जावर तीन प्रतिस्पर्धी संघांच्या सह्या होत्या.

विरुद्ध पेठेची सही मिळणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. १९ पैकी १२ अर्जांवर ती मिळाली. उरलेल्या सातांपैकी चार जणांनी ती मागायला जायलाच नकार दिला. इथे एक गोष्ट सांभाळा: यादी जाहीर करण्यापूर्वी त्या व्यक्तीला एकट्याने भेटून संमती घ्या. दोघांनी नको म्हटलं. एकाच्या घरी तो मैदानावर जातो हे आवडत नव्हतं. १८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या बाबतीत पालकांची लेखी संमती, फोटोसाठी वेगळी. उदयोन्मुख खेळाडूसाठी जन्मदाखलाच पाहायचा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पुरस्काराच्या गटातली तीन-तीन नावं जाहीर केली आणि आक्षेपांसाठी ७२ तास ठेवले. चार आक्षेप आले, एक खरा निघाला. एका बचावपटूचे सात नव्हे, सहाच सामने झाले होते. त्याचं नाव काढताना स्वतः जाऊन सांगितलं. असं नाव ग्रुपवरून काढू नये.

ट्रॉफीची ऑर्डर आक्षेपांची मुदत संपल्यावरच. कोरायला आठ दिवस सांगितले होते, अकरा लागले. देवनागरी कोरताना जोडाक्षरं फुटतात. नाव नेहमीच्या अक्षरांत पाठवलं आणि दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये चिकटवलं गेलं, तर ‘क्ष’, ‘श्र’, रफार वेडेवाकडे होतात. आमच्या पहिल्या नमुन्यात तीन आडनावं बिघडली. अक्षरांचं चित्र करून पीडीएफ द्या, आणि कोरण्याआधी पडद्यावरच्या प्रत्येक नावाचा फोटो मागवून त्या खेळाडूच्याच घरी तपासून घ्या.

खर्च असा झाला. ११ ट्रॉफी प्रत्येकी ८५० प्रमाणे ९,३५० रुपये, संघांच्या दोन मोठ्या ४,४०० रुपये. प्रमाणपत्रं ६०, त्यांचे १,८००. हॉल ९,००० (अनामत ५,००० परत मिळाली). ध्वनी आणि पडदा ६,५००, फोटोग्राफर ४,०००, फेटे २० नगांचे २,४००, चहा-नाश्ता २६० जणांचा ११,७००, बॅनर १,५००, छपाई १,१५०, आणि शिस्तबद्ध संघाला चार बॉल, त्यांचे ४,४००. एकूण ५६,२०० रुपये. संघांचे १८,००० वजा जाता ३८,२०० रुपये नऊ देणगीदारांकडून आले. एकाने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, अट एवढीच की ट्रॉफीवर आणि व्यासपीठावर त्याचं नाव हवं. आभार मानून नकार दिला. कपात करायची वेळ आली तर बॅनर काढा, प्रमाणपत्रं काढू नका. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूच्या घरात भिंतीवर तेच लागतं.

सोहळा मेच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला. उघड्या मैदानावर करायचा आग्रह होता, पण मेमध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हणून हॉल घेतला. पोलीस ठाण्याला दहा दिवस आधी पत्र दिलं, त्यात मिरवणूक आणि फटाके नाहीत हे स्पष्ट लिहिलं, आणि तेच १२ संघांकडून सही करून घेतलं. बसायची व्यवस्था संघवार केली नाही. खुर्च्यांवर पुरस्काराच्या गटांची नावं लावली, त्यामुळे पाच संघांचे गोलकीपर एका ओळीत आणि त्यांचे घरचे त्यांच्या मागे. प्रमुख पाहुणे म्हणून याच गटातून खेळलेले एक निवृत्त खेळाडू बोलावले. प्रत्येक पुरस्काराला चार मिनिटं: नाव, कामाची चार वाक्यं, टाळ्या, फोटो. साडेसहाला वळीव आला आणि २२ मिनिटं वीज गेली. हॉलला जनरेटर आहे का एवढंच विचारलं होतं, त्यात डिझेल आहे का हे विचारलं नव्हतं. खणखणीत आवाजाच्या एकाने माइकशिवाय चार पुरस्कार वाचले. समर्थकांचा पुरस्कार त्यातच होता. रिक्षावाल्या काकांचं नाव आल्यावर सर्वांत आधी उभे राहिले ते त्यांच्या विरुद्ध पेठेचे खेळाडू.

मतपत्रिका आणि शीट ३० दिवस सीलबंद ठेवल्या. अठराव्या दिवशी एका संघाने फॉरवर्डच्या मतांची फेरमोजणी मागितली. दोन्ही संघांच्या माणसांसमोर पाकिटं उघडली, दीड तास लागला, निकाल तोच राहिला, आणि सही करून ते गेले. यंदाच्या टीम शीटमध्ये दोन रकाने वाढवले आहेत: जर्सी बदलली असल्यास नवा नंबर, आणि बर्फ आणला का. पहिल्या सामन्याचं शीट मागच्या रविवारी भरलं गेलं, दोन्ही रकाने भरलेले होते.